शंभर टक्के हजेरी

तीन वाड्यांनी वर्गणी काढून उभी केलेली ती माध्यमिक शाळा अणदूरपासून आत नऊ किलोमीटरवर आहे. पत्र्याच्या पाच खोल्या, एक बोअर, दोन लिंबं आणि भिंतींवर इतके सुविचार, की पोरं सुधारली नाहीत तर तो दोष भिंतींचा नव्हे. एसटी दिवसातून दोनदा येते, त्यातली एक मनात आलं तर.

संघप्रिया तिथं मराठी शिकवायची, नववीची वर्गशिक्षिका होती आणि वरून ‘शाळावार्ता’ लिहायची. ही शाळावार्ता म्हणजे मुख्याध्यापक हणमंतप्पा सरांची हौस. दर महिन्याला एका मोठ्या कागदावर डावीकडं झालेल्या बातम्या, उजवीकडं होणारे कार्यक्रम. कागद व्हरांड्यातल्या फळ्यावर लावायचा आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. हौस सरांची आणि हात संघप्रियाचे, कारण तिचं अक्षर चांगलं. चांगल्या अक्षराइतकं वाईट वरदान शाळेत दुसरं नाही.

डिसेंबरची शाळावार्ता तिनं तेरा तारखेला, शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर लिहायला घेतली. डावीकडं सहा डिसेंबरचं अभिवादन. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या पोरांचं ठिबकचं यंत्र, जे परीक्षक येईपर्यंत छान चालत होतं. कबड्डीत दुसरा नंबर, संघ एकूण दोनच आले होते हे लिहायची गरज नव्हती. उजवीकडं बावीसला गणित दिन, चोवीसला तेरची सहल, अठ्ठावीसला स्नेहसंमेलन, तीन जानेवारीला बालिका दिन. खाली जागा उरली होती.

“तिथं शंभर टक्के उपस्थितीवाल्यांची नावं टाका,” हणमंतप्पा सर म्हणाले. “पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. साहेबांच्या नजरेत भरंल.”

आता या हजेरीची कथा अशी. नववीच्या पटावर तेवीस नावं. त्यातली नऊ पोरं दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. वर्ग वीसच्या खाली गेला की तुकडी जाणार, तुकडी गेली की एक शिक्षक जादा ठरणार, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं: सगळ्यात शेवटी लागलेली संघप्रिया. म्हणून दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, त्या नऊ जणांच्या नावापुढं आठवडाभराची हजेरी एकदम भरली जायची. बाकीच्या वर्गांतही हेच चालायचं. पाप एकटीचं नव्हतं. पण वाटेकरी वाढले म्हणून पाप काही पातळ होत नाही.

गंमत अशी, की रोज शाळेत येणाऱ्या पोरांना कधी ताप यायचा, कधी मामाचं लग्न निघायचं, खंडोबाच्या यात्रेला तर अर्धा वर्ग गायब. जी पोरं शाळेत आलीच नाहीत, त्यांची हजेरी मात्र अखंड. संघप्रियानं हजेरीपट चाळला तेव्हा नववीत शंभर टक्के असलेली सगळी नावं ऊसतोडीचीच निघाली. तिला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आठवीची दोन खरी नावं शोधून तिनं लिहिली आणि थांबली. मग तिसरं नाव लिहिलं: महेश्वरी, इयत्ता नववी.

हे नाव तिनं तपासणीसाठी लिहिलं नव्हतं. महेश्वरी तिची लाडकी होती. ऊसतोडीला जाताना मराठीचं पुस्तक बोचक्यात बांधून नेणारी तीच एक. मागच्या आठवड्यात आईच्या फोनवरून तिचा आवाज आला होता, “मॅडम, सातवा धडा कळंना झालाय, फोनवर सांगताल का?” संघप्रियाला वाटलं, फडावर आईच्या फोनमध्ये आपलं नाव बघंल, तेवढंच पोरीला बरं वाटंल. तिनं नावाखाली लाल शाईनं रेघ मारली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग हजेरीपट ओढून आठ ते तेरा तारखेचे रकाने नेहमीप्रमाणं भरून टाकले.

महेश्वरीला मरून तेव्हा दोन दिवस झाले होते.

हे संघप्रियाला कळलं मंगळवारी. इरम्मा, महेश्वरीची आई, सकाळीच शाळेत आली आणि व्हरांड्यात खाली बसली. खुर्ची दिली तरी उठेना. तळहात उसाच्या पाचटानं चिरलेले होते.

“पोरगी गेली, मॅडम,” ती म्हणाली. रडली नाही. रडून झालं असावं. “गुरुवारी पहाटं. मोळ्या भरत हुतो. भरल्याली ट्रॉली मागं आली. म्या वरडले, पर टॅक्टरच्या आवाजात तिला काय ऐकू गेलं न्हाय.”

पुढचं तिनं तसंच सपाट आवाजात सांगितलं. कर्नाटकातला फड, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही. रणधीर मुकादम, म्हणजे टोळी घेऊन जाणारा, दहा मिनिटांत हजर झाला. पोलिसात गेलं तर पोरीची चिरफाड होईल, चार दिवस अंग मिळायचं नाही, असं मनात भरवून त्यानं तिथंच ओढ्याच्या काठाला सरण रचायला लावलं. दुपारच्या आत सगळं संपलं. नवरा टोळीत अडकलेला, त्याला रणधीर सोडत नव्हता. इरम्मा एकटीच गावी आली आणि सोमवारी पोलीस ठाण्यात गेली.

“तितं रणधीर माज्या आदीच येऊन बसल्याला. म्हनतो, हिची पोरगी माज्या टोळीत नव्हतीच. गावात हुती, शाळेत जात हुती. कुनाचा तरी हात धरून पळाली आसंल, आन् आता माज्या नावानं बोंब मारायली. आन् मॅडम, त्यानं फोन दाखिवला. गावातनं कुनीतरी धाडल्याला तुमचा कागद. महेश्वरीचं नाव, खाली लाल रेघ.”

जे संघप्रियानं पोरीच्या मायेनं लिहिलं, तेच मुकादमाच्या हातातलं हत्यार झालं होतं.

“टोळीतली मानसं?” तिनं कसंबसं विचारलं.

“कुनी तोंड उगडंना. उद्या त्याच्याच टोळीत जायचंय त्यांना.” इरम्मानं पहिल्यांदा वर पाहिलं. “मला दुसरं काय नगो, मॅडम. पोरगी शाळंत न्हवती, आमच्यासंगं फडावर हुती, एवढंच लिवून द्या. मेली ती मेली. पर पळून गेली म्हनत्यात तिला. पंदरा वर्साच्या पोरीला. म्या सवता आग दिली तिला.”

“देते,” संघप्रिया म्हणाली. “आजच देते.”

आणि तिनं लिहिलंही. चार ओळी, स्वच्छ अक्षरात. पण शाळेच्या शिक्क्याशिवाय आणि जावक क्रमांकाशिवाय कागदाला किंमत नसते, आणि शिक्का हणमंतप्पा सरांच्या टेबलात. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

हणमंतप्पा सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. शाळेसाठी गावोगाव हिंडून पत्रे मागून आणलेला माणूस तो.

“मॅडम, बसा. हे तुम्ही दिलं की पहिला प्रश्न काय येईल? महेश्वरी नव्हती, तर हजेरी कुणी लावली? दुसरा प्रश्न, अजून कितीजणांची लावली? तुम्ही घरी जाल, मी घरी जाईन, ते सोडा. पण शाळेला कुलूप लागेल. मग या तीन वाड्यांतल्या पोरी नऊ किलोमीटर चालत जाणार आहेत का? एकही जाणार नाही. पुढच्या वैशाखात सगळ्यांची लग्नं लागलेली बघाल.”

“पण सर, त्या बाईनं पोरीला—”

“गेलेली पोरगी परत येते का? झाकली मूठ झाकलेली राहू द्या.” त्यांनी कागद टेबलात ठेवला. फाडला नाही. “आणि या सोमवारपासून तिची गैरहजेरी लावा.”

संघप्रियाला तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. बेंबळीला तिचे वडील कोंडिबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले होते; घरात पहिला पगार तिचा. ‘आमची पोरगी सरकारमान्य शाळेत मास्तरीण हाय,’ हे ते अजून एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे. बुधवार गेला, गुरुवार गेला. मुलांना सातवा धडा शिकवताना तिनं एकच ओळ दोनदा वाचली. सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं ती स्वतःला सांगत राहिली. तथ्य होतंच. तिच्या भीतीला त्या तथ्याची ओसरी बरी मिळाली होती, हेही तिला कळत होतं.

शुक्रवारी दुपारी हवालदार चौकशीला आले. मागून इरम्मा, तिच्यापासून चार हात लांब रणधीर, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात. सरांच्या खोलीत सगळे मावले. हजेरीपट टेबलावर उघडलेला होता. हवालदारांनी अकरा तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हजर दिसतीय की.”

“हो,” सर म्हणाले.

“तुम्ही नाही. वर्गशिक्षिका कोण?”

संघप्रिया पुढं झाली. इरम्माचा चेहरा एकदम मोकळा झाला, जणू आता सगळं मार्गी लागणार. “इचारा सायेब, मॅडमला इचारा,” ती म्हणाली. “त्या खोटं बोलायच्या न्हाईत. पोरगी रातध्याड यांचंच नाव घ्यायची.”

“सांगा मॅडम. अकरा तारखेला मुलगी शाळेत होती का नव्हती?”

बाहेर स्नेहसंमेलनाच्या गाण्याची तालीम चालली होती. एक ओळ चुकली, पोरी हसल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. संघप्रियानं सरांकडं पाहिलं. सर खाली बघत होते. रणधीर फोन बघत होता. त्याला घाई नव्हती.

“होती,” ती म्हणाली.

एवढासा शब्द, पण तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, कुणीतरी दुसरंच बोललं. हवालदार लिहू लागले. रणधीरनं फोन खिशात घातला. इरम्मानं शिव्या दिल्या नाहीत, छाती बडवली नाही. दिल्या असत्या तर संघप्रियाला जरा तरी सोसवलं असतं. ती पुढं आली, अगदी जवळ, आणि खरंच उत्तर हवं असल्यासारखं हळू विचारलं,

“मग म्या जाळली ती कुनाची पोरगी हुती, मॅडम?”

“बाई, मधे बोलू नका,” हवालदार म्हणाले. त्यांना ओळ पुरी करायची होती. “मॅडम, शेवटची कधी दिसली तुम्हाला?”

संघप्रियानं हजेरीपटाकडं पाहिलं. शनिवारपर्यंतचे रकाने भरलेले होते, सगळे एकाच शाईत, एकाच हातानं. त्याच्या आधीची तारीख सांगितली असती तर भरलेले रकाने खोटे ठरले असते.

“तेरा तारखेला,” ती म्हणाली. “शनिवारी. शाळा सुटताना.”

“काही बोलली का? कुठं जाते वगैरे?”

“नाही. नेहमीसारखीच गेली.”

हवालदारांनी तेही लिहून घेतलं, कागद फिरवून तिच्यापुढं सरकवला आणि सहीची जागा दाखवली. इरम्मा तिच्या हाताकडं बघत होती. संघप्रियानं सही केली, खाली तारीख घातली, आणि पेन हवालदारांचं होतं ते त्यांना परत दिलं.