बोटाचा ठेका

"ऐकू आलं तरच ठेका धर गं पोरी. उगाच बोट हलवू नकोस, आई त्या बोटावर जीव टांगून असते."

शिकवणाऱ्या बाईंचा हा आवाज आक्कांच्या कानात अजून ताजा होता. बाकीचे आवाज मात्र हल्ली विरत चालले होते. ते त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

बाळंतपणाच्या वॉर्डात आक्का सगळ्यांत जुन्या सिस्टर. लाकडी नळी पोटावर टेकवायची, कान लावायचा आणि बाळाच्या ठोक्यांबरोबर आईच्या मनगटावर बोटाने ठेका धरायचा, ही त्यांची रीत. बोट चाललं की आईच्या कपाळावरची आठी विरघळायची. मग वॉर्डात मशीन आलं. पोटाला पट्टा, पडद्यावर रेघ, ठोके जरा घसरले की पीं-पीं.

"आली बघा सवत!" आक्का म्हणायच्या. "पोर कुशीवर वळलं तरी हिचा गळा सुरू."

सगळ्या हसायच्या. धाकटी सिस्टरही हसायची, पण पट्टा नीट बांधायची.

त्या दुपारी एका पहिलटकरणीच्या उशाशी मशीन ओरडायला लागलं.

"आक्का, डॉक्टरांना बोलावू?" धाकटीने विचारलं.

"थांब गं. आधी हिचं तोंड बंद करू."

आक्कांनी आवाजाचं बटण दाबलं, नळी लावली. भिंतीला कान लावावा तसं, आत काहीच नाही. सगळ्या बघत होत्या. पहिलटकरीण तर डोळ्यांत प्राण आणून. आणि आक्कांचं बोट आपलं आपण हलायला लागलं. टक, टक, टक.

"छान आहे हो बाळ."

थोड्या वेळाने राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती रेघ पाहिली आणि एकच धावपळ उडाली. ऑपरेशन करून बाळ काढलं. निळसर, गप्प. शेवटी रडलं, पण सगळ्यांचा जीव टांगणीला लावून.

"मशीन तुझ्याकडे होतं ना? मग आवाज बंद कसा?" बाळंतिणीला परत वॉर्डात आणल्यावर डॉक्टरीणबाई धाकटीवर कडाडल्या. "उद्यापासून या वॉर्डात दिसू नकोस."

धाकटी मान खाली घालून उभी. आक्कांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आक्कांना तेच सोसवेना.

तेवढ्यात खाटेवरच्या बाळंतिणीने आक्कांचा हात धरला. "तुमचं बोट चालू होतं ना, म्हणून मी घाबरले नाही."

आक्कांनी हात सोडवून घेतला, चटका बसल्यासारखा.

"बाई, तिला बोलू नका," त्या म्हणाल्या. "बटण मी दाबलं. आणि नळीतून मला काही ऐकूच आलं नव्हतं. कधीपासून येत नाही. बोट मी खोटंच हलवलं."