पाहुण्यांची वही

डेल्मा क्रॉथर बोलिंग क्लबच्या दाराशी बसायची ती पाहुण्यांच्या वहीसाठी. सभासद नसलेल्यानं आत पाऊल टाकायचं तर नाव, पत्ता, सही आणि ज्या सभासदासोबत आला त्याचं नाव, हा क्वीन्सलंडमधला नियमच. तिच्या आधीची बाई खुर्चीत पेंगायची. डेल्मा पेंगत नव्हती.

कारण होतं गार्थ पेनहॅलिगन. बिल्डरांची कामं सरकारदरबारी करून द्यायचा त्याचा धंदा, तोही रीतसर. राज्याच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत नाव होतं, आणि कोणत्या मंत्र्याला कधी, कशासाठी भेटलो हे त्याला मुदतीत जाहीर करावं लागे. त्यानं ओढ्याकाठी भराव टाकायची परवानगी मिळवून दिली आणि पुढच्या पुराचं पाणी डेल्माच्या परसात वळलं. तिच्या नवऱ्याची, क्लेमची, शर्यतीची बेचाळीस कबुतरं खुराड्यात बुडून मेली. क्लेमही हिवाळ्यापर्यंतच टिकला. डॉक्टर म्हणाले हृदय. डेल्मा म्हणायची गार्थ.

पुरानंतरच्या सभेत गार्थ छाती काढून म्हणाला होता, "या जमिनीबद्दल मी मंत्र्यांना भेटलोच नाही. नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, बघा जाऊन."

डेल्मानं लायब्ररीत जाऊन पाहिल्या. खरंच एकही भेट नव्हती. मंत्र्यांच्या जाहीर डायरीतही नाही. पण दर गुरुवारी क्लबात कोण जेवतं हे तिला ऐकून माहीत होतं. तिनं दाराचं काम मागून घेतलं.

पहिल्याच गुरुवारी गार्थ जमीनमंत्री टिलबरींना घेऊन आला.

"सही करा, साहेब. नाव ठळक अक्षरांत. आणि लायसन्स दाखवा."

"अगं, ओळखलं नाहीस?" गार्थ हसला. "रोज टीव्हीवर दिसतात!"

"टीव्हीवर कांगारूही दिसतो. लायसन्स."

मंत्र्यांनी मुकाट्यानं सही केली, आणि सभासद म्हणून गार्थनं खाली आपली.

"तुला विधानसभेच्या दाराशी बसवायला हवं होतं, डेल्माबाई," गार्थ म्हणाला.

"बसवलं असतं तर तू आत गेलाच नसतास."

असे सहा गुरुवार गेले. त्यांच्या ताटल्या ती स्वतः नेऊन द्यायची. टेबलावर नकाशा पसरलेला असायचा, त्यावर तिचाच ओढा, आणि पलीकडे भरावाचा दुसरा टप्पा. सॉसची बाटली ठेवताना ती सावकाश वाचून घ्यायची. तळपायाची आग मस्तकात जायची, तरी तोंडावर हसू. लवकर तक्रार केली असती तर गार्थ घाईनं नोंद करून मोकळा झाला असता. म्हणून ती मुदत उलटेपर्यंत गप्प राहिली. नोंदींत तेव्हाही एकही भेट नव्हती. दुसऱ्याच सकाळी वहीच्या सहा पानांच्या प्रती चौकशी कार्यालयात गेल्या, आणि तशाच सहा एका वर्तमानपत्राकडे.

गार्थचं नाव यादीतून गेलं. मंत्र्यांची खुर्ची गेली, दुसरा भराव थांबला. क्लबनं गार्थचं सभासदत्वही काढून घेतलं. डेल्माला आनंद झाला, आणि तिनं तो लपवला नाही. बाजारात भेटेल त्याला ती सांगत सुटली.

पुढच्या गुरुवारी गार्थ दारात उभा.

"चार पाखरांसाठी माझा वीस वर्षांचा धंदा बुडवलास?"

"तो क्लेमसाठी," डेल्मा म्हणाली. "पाखरांचं अजून बाकी आहे."

तिनं वही त्याच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

"आत यायचंय ना? कोणत्या सभासदाचा पाहुणा?"

गार्थनं हॉलभर नजर टाकली. वीस वर्षांचे दोस्त बसले होते. सगळ्यांनी एकदम ताटात मान घातली.

"कुणाचाच नाही?" डेल्मानं पेन काढून घेतलं. "मग पायरीखाली उभा राहा. पुराचं पाणी तिथवरच येतं."