पोर! पोर!

चेंडू मारताना म्होरं कुनी आडवं आलं की साहेब लोक वराडत्यात, "फोर!" म्हंजी काय ते आमच्यात कुनालाच ठावं न्हवतं. माज्यासंगट काठ्या वाहनारा कल्लप्पा म्हनायचा, इंग्रजीत फोर म्हंजी चार. आता चार काय? चार भाकऱ्या का चार म्हशी? मग काठ्या उचलनाऱ्या आमी पोरांनी त्येचं 'पोर' करून टाकलं. "पोर! पोर!" असं कानावर आलं की माळावर शेन येचनाऱ्या बाया पाटी डोक्यावर धरून मटकन खाली बसायच्या. बसून बसून त्यास्नी सवय झाली हुती.

ज्यास्नी सवय न्हवती त्यास्नी कोन सांगनार, ह्ये मातर कुनाच्या डोस्क्यात आलं न्हाय. माज्या बी न्हाय.

मी महिपती. मराठी पाचवीत मास्तरच्या अंगावर पाटी भिरकावली आन शाळा सुटली. आई म्हनली, आता मिलमदी तरी चिकट. पन मार्शल लॉच्या गडबडीला चार वर्सं झाली तरी मिलच्या फाटकावर नव्या मानसाला कोन उबं करीत न्हवतं. म्हनून रुळाच्या पल्याड गोल्पाच्या माळावर, जितं साहेब गोल्फ खेळायचे, त्येंच्या काठ्या वाहायचो.

माळ म्हंजी नुसता मुरूम. चेंडू ज्या भोकात घालायचा त्येच्या भवती म्हनं हिरवंगार गवत लागतं. हितं प्यायला पानी न्हाय, गवत कुटलं? मग मिलमधलं जळकं तेल वाळूत कालवून गोल थापलेलं. आमी त्येला खळं म्हनायचो. खळ्यावर चेंडू आला की आदी फळी वडून वाळू सारकी करायची, मग चेंडू हळूच भोकाकडं ढकलायचा.

वर्सातनं एकदा, होळीच्या आदी, जोडीचा सामना असायचा. एक क्लबातला मानूस, एक काठीवाला पोरगा, दोगांत चेंडू एकच. एक फटका त्येनं मारायचा, एक मी. त्येनं चेंडू जितं टाकला तितनं मी, मी टाकला तितनं त्येनं. जिकनाऱ्या मानसाला कप, आन पोराला मिलच्या साचेखात्यात, म्हंजी मागांवर, कायमची जागा. लाल साहेबानं स्वता सांगितलं हुतं. त्यो साचेखात्याचा मोठा साहेब, उन्हानं गाजरावानी व्हायचा म्हनून लाल.

चिठ्ठ्या टाकल्या. माज्या नशिबाला आले वेणीमाधवपंत.

मिलच्या हापिसातले हेडक्लार्क. त्या वर्सी क्लबानं पयल्यांदाच तीन देशी मानसं घेतली, त्यात ह्ये एक. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, गालात सुपारी. साहेबांच्यात उबं ऱ्हायले की हसायचे लई, आन कुनी हसून बगितलं न्हाय की टोपी काडून पुना घालायचे. त्ये बगून मला कधी कधी वाईट वाटायचं. पन खेळायला लागले की समदं वाईट वाटनं जायचं.

पयल्याच भोकाला त्येंचा फटका निवडुंगात गेला. म्हनले, "तू सावली टाकलीस."

"पंत, मी तुमच्या पाठीमागं हाय. सूर्य म्होरं हाय."

"मग श्वास घेतलास."

"श्वास घेऊ नको?"

"मी मारताना नको."

दुसऱ्या भोकाला मी लांबून मारलेला चेंडू खळ्यावर जाऊन थांबला. तवा लाल साहेबाला म्हनले, आमी चांगला मारला. आमी. वाकडा गेला की तू, सरळ गेला की आमी. तिसऱ्याला चेंडू दगडामागं अडाकला हुता, पंतांनी बुटानं हळूच म्होरं सारला.

मी म्हनलं, "पंत, ह्ये काय?"

"वाऱ्याने हलला."

"वाऱ्यानं बूट घातलाय व्हय?"

कल्लप्पा लाल साहेबाचा जोडीदार हुता. त्यो फसकन हसला. पंत लालबुंद झाले. कागदावर फटके मांडताना त्यांनी पाचाचे चार केले, त्ये बी मी बगितलं. पाचव्या भोकाला मग माजं टकुरं फिरलं. पाच म्हनलं की पाच, चार न्हाय! हातातली लोखंडी काठी मी निवडुंगात भिरकावली.

पंत जवळ आले. आवाज चढवला न्हाय. "महिपती, तुला जागा हवी आहे ना? मला कप हवा आहे. इथे मला कोणी खुर्ची देत नाही रे. पुढच्या वर्षी द्यावी लागेल. जा, काठी आण."

मी गेलो. काटं लागलं, काठी आनली. आयला, त्यानंतर खेळलो बी चांगला. आट भोकं झाली तवा बाकीच्या जोड्या मागं पडल्या हुत्या, आमी आन लाल साहेब बराबरीत. आमचा एक फटका कमी लिवलेला हुता, त्ये मी इसरून गेलो. खरं सांगायचं तर इसरलो न्हाय. गप बसलो.

नववं भोक शेवटचं. पयला फटका माजा. असा लागला की बास, खळ्यापास्नं शंभर पावलांवर सरळ जाऊन पडला. लाल साहेबाचा चेंडू दगडाला लागून लांब गेला, त्यास्नी अजून दोन-तीन फटके लागनार. आता पंतांनी नुसता सरळ मारायचा, म्हंजी जागा माजी.

पन वाटंत बाया हुत्या. नुकताच खिल्लारांचा कळप गेलेला, शेन ताजं. तीन-चार जनी वाकल्या हुत्या. त्यात एक केराबाई, रुद्रप्पाची बायकू. रुद्रप्पा साचेखात्यात जुना मानूस, करकंबास्नं बायकूला आनून आट दिस बी झाले न्हवते. तिचं पोर बाभळीखाली फडक्यावर बसवलेलं. गुरुबसप्पा त्येचं नाव, वय दीड वरीस, नाव पोरापरास मोठं.

"पंत, थांबा. बाया सरू द्या."

"त्या उजवीकडे आहेत."

"थांबा की वाईच."

"साहेब बघतोय. थांबलो तर म्हणेल, घाबरला." आन त्यांनी काठी उचलली.

मी वराडलो, "पोर! पोर!"

बाकीच्या बाया खाली बसल्या. केराबाई उबी ऱ्हायली. तिनं बाभळीकडं बगितलं, हातातली पाटी टाकली, आन लुगडं गुडघ्यावर धरून पोराकडं पळत सुटली. आडवी. चेंडूच्या वाटंत आडवी.

माजी नजर चांगली हाय. चेंडू मी पयल्यापास्नं शेवटपतुर बगितला. त्यो खालनं, डोक्याएवढ्या उंचीवरनं गेला. ती हुती तितंच वाकलेली ऱ्हायली असती तर तिच्यापास्नं चार हात लांबून गेला असता. डाव्या कानावर बसला. नारळ आपटल्यावानी आवाज आला. ती पडली आन चेंडू उसळी मारून खळ्याच्या कडंला गेला, भोकापास्नं दोन काठ्यांवर.

मी पळत गेलो. कानातनं रगत येत हुतं, डोळं उगडं. पोर बाभळीखाली हसत बसलेलं, मुठीत माती. बायांनी कालवा केला, कुनी टांगा आनायला पळालं. पंत मागनं आले, पांढरेफटक पडले हुते. माजा दंड धरून बाजूला नेलं.

"कोणी सांगितलं होतं ओरडायला? गाढवा, ती वाकलेली होती! मी उजवी-डावी बघून मारला होता."

"तुमी मारायलाच नगं हुता."

"आणि तू 'पोर' काय ओरडलास? आईला पोर म्हटल्यावर ती काय करेल?"

तवा मला कळलं. तवर कळलंच न्हवतं, देवाशपत. वाटलं हुतं, बाई खुळी हाय, बसायचं सोडून पळती कशाला. हातातली काठी त्येंच्या टाळक्यात घालावी असं वाटलं, आन हात उचललाच न्हाय. त्येंचं खरं हुतं.

लाल साहेब येऊन उबा ऱ्हायला. पंत एकदम सरळ झाले आन इंग्रजीत बोलाय लागले. मला 'डॉग' एवढंच कळलं. आन 'चाइल्ड'. साहेबानं माज्याकडं बगितलं, मोडक्या हिंदुस्थानीत इचारलं, "कुत्ता था? बच्चे के पास?"

पंतांनी माज्याकडं बगितलं न्हाय. टोपी काडून पुना घातली.

एक फटका त्यांनी मारला हुता. आता माजी पाळी.

"जी साहेब," मी म्हनलं. "कुत्ता था."

साहेबानं मान हलवली, टांगा आला तवा केराबाईला उचलून टांग्यात घालायला मदत बी केली. मग पंत हळूच म्हनले, "चेंडू जिथे पडला तिथून खेळायचा, असा नियम आहे. मार."

मी फळी वडली. जळक्या तेलाचा वास नाकात गेला. टांगा आमच्या म्होरनंच गेला, बायांचं रडनं आईकू येत हुतं. वाटलं, चेंडू मुद्दाम वाकडा ढकलावा. पन हात आपलं आपलंच चाललं. चेंडू सरळ गेला आन भोकात टुक्क केलं.

पंत म्हनले, "आम्ही जिंकलो."

कल्लप्पानं साहेबाच्या काठ्या गोळा केल्या. जाताना तेवढं म्हनला, "म्हैपती, मला कुत्रं दिसलं न्हाय रं."

"तुज्या डोळ्यात वाळू गेली आसंल," म्हनलं आन त्येला ढकलून दिलं. वाळूतच पडला.

चार दिसांनी आईतवारी रुद्रप्पाच्या खोलीवर गेलो. जायाचं न्हवतं. पन आदल्या दिवशी मिलच्या फाटकावर त्येनं मला गाठलं हुतं. वाटलं, आता गचांडी धरतो. त्येनं माजा हात दोनी हातांत धरला. "पंतांनी समदं सांगितलं. तू नसतास तर कुत्र्यानं पोराचं तोंड फाडलं असतं. सोमवारी कामाला ये, कुटं जाऊ नगं, माज्याच साच्यावर. धागा कसा जोडायचा, धोटा कसा घालायचा, समदं मी शिकीवतो. भाऊ समज मला."

साचेखात्यात नव्या पोराला कोन शिकवत न्हाय. शिव्या घालून घालून वर्स काडत्यात. त्यात रुद्रप्पासारक्या मानसानं हात धरायचा म्हंजी पोराचं भलं झालं. आईनं ऐकलं तवा डोळ्याला पदर लावला. मातर रुद्रप्पा रागावला की कसा हुतो ते बी समद्या खात्याला ठावं हुतं. एका जॉबरला, म्हंजी खात्याच्या मुकादमाला, त्येनं गचांडी धरून चालत्या पट्ट्याजवळनं फरफटत भाईर आनला हुता.

केराबाई चुलीम्होरं बसली हुती. डोस्क्याला पांढरी पट्टी, डावा कान झाकलेला. पोर मांडीवर. दुधात भाकरी कुस्करून त्येला भरवीत हुती.

"ये की रं बाबा," म्हनली. "धनी पानी आनाया गेल्यात, येतीलच. बस. म्या तर तुजं तोंड बी बगितलं न्हवतं, आवाज तेवढा आईकला. आजून कानात हाय त्यो. 'पोर! पोर!' कसा वराडलास रं! सख्खा भाऊ बी वराडला नसता."

मी भितीला टेकून बसलो.

"कुत्रं पिसाळल्यालं हुतं का रं?"

"आं?"

"न्हाय, म्हनलं, लाळ गळत हुती का? मला म्हंजी सपान पडतंय रोज. काळं कुत्रं, हितं माज्या गुरूच्या तोंडापतुर. काळंच हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हनलं. "काळं."

"बग," पोराला म्हनली, "मामानं वाचीवलं तुला. मामाला नमस्कार कर." पोरानं दुधानं भरलेला हात माज्या गुडघ्यावर थापटला.

मी उठून त्येच्याजवळ सरकलो. पोराला घ्यायचं निमित्त. सरकलो त्ये तिच्या डाव्या अंगाला, पट्टीकडं. डागतर म्हनला हुता, ह्यो कान गेला, पुना येनार न्हाय. बाया बोलत हुत्या त्ये मी ऐकलं हुतं. मला ठावं हुतं.

मोठ्यानं न्हाय, पट्टीम्होरं तोंड नेऊन हळूच बोललो. "वैनी, कुत्रं न्हवतंच. काळं न्हाय, पांढरं न्हाय. पंतांनी रचलं आन मी व्हय म्हनलो. पोर म्हंजी तुमचं पोर न्हवं, साहेबांचा शब्द हाय त्यो, खाली बसा म्हनायचा. मी वराडलो नसतो तर तुमी वाकलेल्याच ऱ्हायला असता. चेंडू लांबून गेला असता. मी बगितलाय."

तिनं पोराच्या तोंडात घास घातला, हनवटीवरचं दूध बोटानं पुसलं. चुलीत लाकूड आत सारलं.

सांगून झालं. छाती हलकी व्हईल आसं वाटलं हुतं. झाली न्हाय.

तिला कायतरी हललंसं वाटलं आसंल. मान वळवून माज्या तोंडाकडं बगून हसली. "काय म्हनत हुतास का रं? त्या अंगानं मला आईकू येत न्हाय बग. आता सवय करायची."

भाईर रुद्रप्पाच्या घागरीचा आवाज आला. कुनाशी तरी बोलत, हसत येत हुता. सोमवार उद्याच.

मी उठलो. चुलीला वळसा घातला आन तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसलो.

"हां," ती म्हनली, "आता बोल."