उम्म नासिरचा काठोकाठ पेला

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. तुमच्या चहाच्या किटलीची लांबची नातेवाईक म्हणा. माझी चोच बाकदार, कंबर बारीक आणि डोक्यावर टोकदार झाकण. अरब लोक मला 'दल्ला' म्हणतात आणि माझ्यातून वेलदोड्याची पिवळसर कॉफी ओततात. सध्या माझा मुक्काम इंग्लंडात, रीडिंगला, एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात आहे. पितळेला सुखदुःख नसतं असा लोकांचा समज आहे. बहुतेक दिवस तो खराही असतो.

माझा जन्म कुवेतचा. नकाशात तो देश शोधायला गेलात तर बोट ठेवताच बोटाखाली झाकून जाईल. एका अंगाला समुद्र, बाकी वाळूच वाळू. नदी नाही, ओढा नाही, डोंगर तर औषधालाही नाही. समुद्राचं खारं पाणी यंत्रात गोडं करायचं आणि तेच प्यायचं. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. वाळूचं वादळ आलं की भरदिवसा घरातले दिवे लावावे लागत. जमिनीखाली तेल मात्र उदंड. राज्य अमिराचं, आणि अमीर नेहमी एकाच घराण्यातला. लोकांनी निवडलेली मजलिस, म्हणजे संसद, होती, पण ती बरखास्त करणं अमिराच्या हातात, आणि मत देण्याचा हक्क फक्त तिथल्या पुरुषांना. देशात निम्म्याहून जास्त माणसं बाहेरून कामाला आलेली. त्यांनी उभा जन्म तिथे घालवला तरी ती पाहुणीच राहत.

अशाच पाहुण्यांपैकी होते मुरलीधर आणि त्यांची बायको यमुना. हे सांगलीचं जोडपं. मुरलीधर बंदरावर अबू नासिर नावाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात कामाला होते. मालकाच्या घरामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. मालकीणबाई पहिल्यांदा घरी येणार म्हणून यमुनेने मला बाजारातून घासाघीस करून आणलं, चिंच लावून लखलखीत केलं, आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातून अनर्थ घडवला.

झालं असं, की अरबांकडे कॉफीचा पेला चिमुकला, बिनकानाचा, आणि तो तळाशी थोडासाच भरायचा. संपला की पुन्हा थोडी ओतायची, म्हणजे पाहुणा बसतो, गप्पा रंगतात. पेला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, 'प्या आणि निघा!' यमुनेला हे कुठून ठाऊक असणार? सांगलीत कोणाला अर्धा पेला देऊन तर बघा, सात पिढ्या नावं ठेवतील. तिने मालकीणबाईंचा, म्हणजे उम्म नासिरचा, पेला पार काठापर्यंत भरला. बाईंनी ओठ घट्ट मिटले, पेला एका दमात रिकामा केला, अंगावरचा पायघोळ काळा अबाया सावरला आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामात कोणीतरी मुरलीधरांना खरा प्रकार सांगितला. नवऱ्याची नोकरी जाणार या भीतीने यमुनेच्या पायाखालची जमीन सरकली. भर दुपारच्या उन्हात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन ती मालकांच्या दारात उभी राहिली. मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत म्हणाली, "आमच्याकडे अर्धा पेला दिला तर माणूस उठून जातो. तुम्ही जाऊ नये म्हणून मी भरून दिला हो!"

उम्म नासिर हसता हसता भिंतीला टेकल्या. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. इतर पाहुण्यांना यमुना रिवाजाप्रमाणे थोडीशीच कॉफी ओतायची. उम्म नासिरला मात्र काठोकाठ. "घ्या, आणि निघा आता," असं म्हणायची, आणि मग दोघी दिवेलागणीपर्यंत हलायच्या नाहीत. तिकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, उम्म म्हणजे आई आणि अबू म्हणजे बाप, म्हणून यमुना झाली उम्म पुष्कर. ती उम्म नासिरला चिडवायची, "तुमच्याकडे इतकं तेल, पण मत द्यायची चोरी! मी सांगलीत दिलंय हो मत." उम्म नासिर म्हणायच्या, "देईन एक दिवस. सगळ्यांत आधी तुला येऊन सांगेन."

नव्वद साली शेजारच्या देशाचं सैन्य शिरलं. उम्म नासिरने गाडी आणि पाण्याचे कॅन दिले. यमुनेने मला साडीत गुंडाळून वळकटीत घातलं. वाळवंट ओलांडून आम्ही आधी जॉर्डनला आणि तिथून विमानाने भारतात पोहोचलो. युद्ध संपलं, पण गोदाम पुन्हा उभं राहिलं नाही आणि परत बोलावणंही आलं नाही. ईदला आणि दिवाळीला फोन तेवढे येत राहिले. पुढे पुष्कर रीडिंगला आयटीत लागला, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि यमुनेच्या सामानातून मीही आले.

इथे मी शोभेची वस्तू झाले. माझ्यात कागदाची फुलं खोचली गेली. इथलं पाणी एरवीही भांड्याला चुना धरवणारं, तेव्हा मी तक्रार केली नाही. पण यमुना दर रविवारी फुलं काढून मला घासायची.

मग एका थंडीत यमुना गेली. क्रिमेटोरियममधून सगळे डोळे पुसत बाहेर आले तेव्हा मुरलीधरांनी मुलाला विचारलं, "पार्किंगचं तिकीट लावलंस ना काचेवर?" त्यानंतर ते रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायला बोलावलं की जेवत. टीव्ही लावला की बघत, बंद केला की बंद टीव्ही बघत. ते रडले नाहीत. 'यमुना गेली' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. मीही तशीच होते, थंड आणि रिकामी. घासणारं कोणी नव्हतं आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

ऋजुता, म्हणजे पुष्करची बायको, मनाने चांगली मुलगी. ती म्हणायची, "बाबा, जीपी डॉक्टरांनी बिरीव्हमेंट ग्रुपचं लीफलेट दिलंय, जवळचं माणूस गमावलेल्यांचा असतो तो. नुसतं ट्राय तर करा, प्लीज." मुरलीधर म्हणायचे, "बघू." एकदा तिने विचारलं, "बाबा, आईंच्या काही वस्तू चॅरिटी शॉपला देऊ का? ही किटली वगैरे?" ते म्हणाले, "दे." इतकंच. मी खोक्यात गेले, खोकं गॅरेजमध्ये गेलं.

ईदला उम्म नासिरचा फोन आला. "उम्म पुष्करला दे." मुरलीधर म्हणाले, "झोपलीय ती." वसंतात पुन्हा फोन आला. "देवळात गेलीय." मग जुलैमध्ये त्यांचा फोन आला तो थेट लंडनहून. नवऱ्याला उपचारासाठी आणलं होतं आणि शुक्रवारी भाचा त्यांना रीडिंगला सोडणार होता.

त्या शुक्रवारी मुरलीधर स्वतः गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी मला खोक्यातून काढलं. ऋजुता तेव्हा घरूनच काम करत होती. ती लॅपटॉप सोडून आली. "बाबा, त्यांना आईंचं माहितीये ना?" ते मला विसळत राहिले. "बाबा? ओह गॉड, तुम्ही सांगितलंच नाहीये?"

"सांगतो आज," ते म्हणाले. आवाज पाण्यासारखा सपाट होता.

उम्म नासिर काठी टेकत आल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "अबू पुष्कर, कुठे आहे ती? मत देऊन आलेय मी! आता जूनमध्ये! एवढ्या उन्हात रांगेत उभी राहिले, गुडघे मोडले. तिला सांगायचंय. बोलाव तिला."

मुरलीधर कॉफी आणायला वळले. ते आत आले. त्यांच्या हाताने मी पहिल्यांदाच कॉफी ओतत होते. आयुष्यभर त्यांनी हे काम एकाच बाईला करताना पाहिलं होतं, त्यामुळे उम्म नासिरच्या पेल्यावर त्यांचा हात थांबला नाही. पेला काठोकाठ भरला. ते तो तसाच बाहेर घेऊन गेले.

उम्म नासिरने पेल्यात पाहिलं आणि त्या खदखदून हसल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवून ओरडल्या, "लपून बसलीस होय? मला निघायला सांगतेस? ये बाहेर, उम्म पुष्कर! पेला तूच भरलायस, मला कळत नाही का?"

दार उघडंच होतं. ओट्यापाशी मी होते आणि ऋजुता तोंडावर हात ठेवून उभी होती. दुसरं कोणी नव्हतं.

"ती गेली," मुरलीधर म्हणाले. "डिसेंबरमध्ये. यमुना गेली." आणि इतके महिने आत कोंडलेलं एकदम वर आलं. ते हमसून हमसून रडले, लहान मुलासारखे, पाहुण्यांसमोर.

 उम्म नासिरने तो भरलेला पेला दोन्ही हातांत धरला आणि थेंब न सांडता सगळा प्यायला. मग रिकामा पेला मुरलीधरांपुढे केला.

"पुन्हा भर. तिच्यासारखा," त्या म्हणाल्या. "मी निघणार नाहीये."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यात कागदाची फुलं नाहीत. ऋजुता मला रविवारी घासते, जमेल तसं. तुमच्याही घरात, वरच्या फळीवर किंवा गॅरेजमधल्या खोक्यात, गेलेल्या माणसाचं एखादं भांडं असेल. ते नुसतं पुसून ठेवू नका. त्यात काहीतरी उकळा, आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाला तरी घरी बोलवा. पेला मात्र काठोकाठ भरा.