दोरीच्या आत

आमच्याकडं नाताळ भर उन्हाळ्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव किनाऱ्यावर लोटतं, आणि नेमकं तेव्हाच त्या पाखरांना वाळूत अंडी घालायची अवदसा आठवते. टिटवीच्या भावकीतलं, काळ्या डोक्याचं, मूठभर पाखरू ते. घरटं म्हणजे काय, तर वाळूतला एक खळगा. इथल्या जोडीचा यंदाचा पहिला खळगा जीपच्या चाकाखाली गेला, दुसरा भरतीनं नेला. आता या तिसऱ्यात वाळूच्याच रंगाची दोन अंडी होती. हीही गेली तर यंदा पिल्लू दिसायचं नाही.

ग्लेनिसनं खळग्याभोवती लांबवर दोरी ताणली होती, पाटी ठोकली होती, आणि सकाळपासून ती उन्हात राखण करत होती. लोक पाटी वाचत होते आणि त्याच दोरीवर टॉवेल वाळत घालत होते. डोकं फिरेल नाहीतर काय होईल माणसाचं?

त्यात डॅरलच्या घरच्यांनी क्रिकेट मांडलं आणि दोरीलाच बाउंड्री धरलं. दोरीपलीकडं मारला तर सहा धावा आणि आउट, हा आमच्याकडचा घरोघरचा नियम. व्हायचं तेच झालं. चेंडू आत पडला, त्याच्यामागं डॅरल आत शिरला, आणि दोन्ही पाखरं उठून पाण्याकडं पळाली.

ग्लेनिस धावत आत गेली. डॅरलला तिनं बाहेर हाकललं, चेंडू उचलला आणि दोरीच्या आतच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चेंडू दे ना ग्लेनिस. तेवढाच घ्यायला आलो होतो."

"पाटी वाचता येत नाही तुला?"

"वाचली की. पण अंडी कुठं दिसेनात, म्हटलं पिल्लं उडून गेली असतील."

"दिसत नाहीत म्हणूनच पाटी लावलीय, शहाण्या."

राखणीतली तिची जोडीदारीण लॉर्ना टेकाडावरून हाका मारत होती. "अगं, बाहेर ये आधी. तू तिथं उभी आहेस तोवर ती परत यायची नाहीत."

"येते. याला चार शब्द सुनावते आणि येते."

चाराचे चाळीस झाले. मोकाट कुत्री, जीपा, पतंग, थर्टी फर्स्टचे फटाके, सगळ्या गावावरचा राग तिनं एकट्या डॅरलवर काढला. खोटं एक अक्षर बोलली नाही ती. तोही मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं मान वर केली.

"ग्लेनिस, मागं बघ."

"विषय बदलू नकोस."

"अगं बाई, मागं बघ."

तिनं बघितलं. एक सीगल खळग्यात चोच घालून उभा होता. आमच्या हातचे चिप्स खाऊन माजलेला. माणसाला तो कशाला भितोय? ती ओरडत धावली तसा दुसरं अंडं चोचीत धरून उडाला. पहिल्याचं नुसतं टरफल उरलं होतं.

डॅरलच्या घरच्यांनी मुकाट्यानं स्टंप उपटले. लॉर्नानं ग्लेनिसला दंडाला धरून टेकाडावर नेऊन बसवलं. दोरीच्या आत कुणी उरलं नाही, तसं एक पाखरू तुरुतुरु आलं आणि रिकाम्या खळग्यावर बसलं.

"तो डॅरल कडमडला नसता ना," ग्लेनिस म्हणाली.

लॉर्ना पाखराकडंच बघत होती. "डॅरल चेंडू घेऊन कधीच गेला असता गं," ती म्हणाली.