आबांच्या वाट्याचं पाणी

मळ्यात नळ आला तरी आमचे आबा विहिरीचंच पाणी पीत होते, आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता.

माझे सासरे हे. गावात टाकीची योजना आली तेव्हा मळ्यातली आमची घरं तिच्याबाहेर राहिली, ती यांच्याच हट्टामुळे. घरची विहीर असताना नळ कशाला, म्हणे. यंदा तपासणी झाली आणि त्याच विहिरीचं पाणी पिण्याजोगं उरलं नाही असं निघालं. देवपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, पोटात बाळ आहे, एक घोटसुद्धा घ्यायचा नाही. तेव्हापासून गावातून हंडे वाहत होते. पाय सुजले, कंबर गेली. रडायलाही जीव उरला नव्हता.

शेवटी ग्रामसभेने पाईपलाईन मळ्यापर्यंत वाढवायला होकार दिला. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी मी दुपारभर झोपून राहिले.

आणि आबा? सकाळी उठून पोहरा घेऊन विहिरीवर. सासऱ्याशी सुनेने समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले. म्हटलं, "सांगा ना त्यांना. आता कुणाला दाखवायचाय हा ताठा?"

हे म्हणाले, "ताठा नही शे तो, दीपमाला. सभामा लोके आडी बठनात. टाकीनं पानी आमलेच पुरत नही, म्हनेत. आबा हात जोडीसन उभा ऱ्हायनात. म्हने, मना वाटानं नका देऊ. मले मनी विहीर शे. पन सूनले द्या."

गाव ते बोलणं दुसऱ्या दिवशीच विसरलं असेल. आबा विसरले नव्हते. मला रडू आलं, तरी राग काही गेला नाही. दिल्या शब्दापायी असलं पाणी पिणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

डोक्यावरचा पदर सारखा केला, नळाच्या पाण्याचा तांब्या भरला आणि आबांसमोर जाऊन उभी राहिले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"आबा, हाई मना वाटानं पानी शे. आर्धं तुम्ही प्या."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुले कमी पडी."

"पडू द्या. मी थकी गयी, आबा. तुम्ही नही पिनात तं मीबी पेत नही."

आबांनी तांब्या घेतला. वरूनच बरोबर अर्धं पाणी प्यायले आणि उरलेलं माझ्यापुढे ठेवलं.