एकवीस दिवसांची पाटी

परदेशी माणसाला कामावर ठेवायचं तर आधी पाटी लावायची, असा सरकारी नियम होता. 'कारागीर पाहिजे. वेळ आठ ते सहा.' एकवीस दिवसांत इथलाच कुणी लायक माणूस मिळाला नाही, तरच त्याचा कामाचा परवाना वाढणार. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान ते केवढं, दहा बाय बाराची खोली, आणि त्याला कागदांचा हा ढीग! नाकापेक्षा मोती जड.

दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिचा परदेशी कारागीर म्हणजे मास्तर. सात वर्षं दुकान त्याच्याच हातावर चाललं होतं. परवाना वाढला नाही तर बायकोला आणि तिसरीतल्या मुलीला घेऊन महिन्याभरात त्याला देश सोडावा लागणार होता. तरी काचेवर पाटी त्यानेच चिकटवली, तीही पट्टीने मापून, सरळ.

वीस दिवस कुणी फिरकलं नाही. मावशी खुशीत होती. एकविसाव्या दिवशी अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी पंधरा वर्षं मशिनं दुरुस्त केली होती. म्हणजे लायक माणूस दारात येऊन उभा!

मग मावशीने जे केलं ते काही तिला शोभणारं नव्हतं. कोपऱ्यातलं काळं मशीन तिने पुढे ओढलं. त्याचे टाके सुटायचे, आणि खालचा एक स्क्रू अशा अडचणीत बसला होता की बाजारातला कुठलाच स्क्रू-ड्रायव्हर तिथे पोचत नसे. "हे तेवढं चालू करून दाखवा," ती गोड आवाजात म्हणाली. आणि फॉर्म काढून 'न घेण्याचं कारण' या चौकटीत लिहूनही मोकळी झाली: काम येत नाही.

अर्ध्या तासात बाई घामाघूम झाल्या. तेवढ्यात मास्तर उठला आणि स्वतः घासून बनवलेला आपला आखूड स्क्रू-ड्रायव्हर त्याने त्यांच्या हातात ठेवला. "ह्याच्याशिवाय तो निघत नाही, ताई."

आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा! मावशीने डोळे वटारले, पण हा गृहस्थ आपला जागेवर जाऊन बॉबीन पुसत बसला. दहा मिनिटांत मशीन चालू झालं.

मावशीने शिवण नखाने चाचपली. एकही टाका सुटला नव्हता. तिने फॉर्मवरचं ते वाक्य खोडलं. तिला रडू येत होतं. "काम तुमचं," ती म्हणाली. "उद्यापासून या. आठ ते सहा."

"सहा?" बाई कचरल्या. "मला दोनपर्यंतच जमेल हो. सासरे अंथरुणाला खिळलेत, दुपारनंतर त्यांच्यापाशी कुणी नसतं. अर्धा दिवस चालेल का, एवढंच विचारायला आले होते. मी आल्या आल्या तुम्ही मशीनच पुढे केलंत."

मावशीचा जीव भांड्यात पडला. चौकटीत तिने खरं तेच लिहिलं, 'पूर्ण वेळ जमत नाही', आणि बाईंनाही सकाळपुरतं ठेवून घेतलं. तेवढं काम दुकानात होतंच.

परवाना हातात आला त्या दिवशी तिने मास्तरला सांगून टाकलं, "ते काळं मशीन मी मुद्दाम दिलं होतं."

"ठाऊक आहे."

"मग स्क्रू-ड्रायव्हर कशाला दिलास? पोरीचा तरी विचार करायचा!"

"तिचाच केला, मावशी. घरी गेलो की ती रोज विचारते, बाबा, आज काय दुरुस्त केलंत? त्या दिवशी मी तिला काय सांगितलं असतं?"